पाटी आणि कलम

पंढरपूर म्हटले की चंद्रभागा, आषाढीची वारी आणि दिंड्या डोळ्यांसमोर येतात. सोलापूरहून ते गाव सुमारे सत्तर किलोमीटर. आपल्यापैकी कित्येकांचे तिथे नातेवाईक आहेत, लग्नकार्याला जाणे-येणे असते. पण चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १७ सप्टेंबर १९१५ रोजी याच पंढरपुरात झाला, हे आमच्या शाळेत वरच्या वर्गातही दोन-तीन मुलांनाच ठाऊक असते. मोठ्या माणसांत हे नाव निघाले की लगेच वाद सुरू होतो. त्या वादाबद्दल मी पुढे लिहिणार आहे. पण आज त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवायची आहे, जिच्याकडे वादाच्या गडबडीत फारसे कुणी पाहत नाही. हुसेन यांच्या हातात कुंचला आला त्याआधी कलम आले होते.

सुलेमानी बोहरा घराण्यात जन्मलेला हा मुलगा जेमतेम दीड वर्षाचा असताना त्याची आई गेली. आईचा चेहरा त्यांना कधीच आठवला नाही आणि घरात तिचे छायाचित्रही नव्हते. पुढे त्यांनी मदर तेरेसांची चित्रे काढली, त्यांत पांढऱ्या साडीचा निळा काठ आहे, कुशीत मूल आहे, पण चेहऱ्याची जागा रिकामी आहे. वडील त्यांना घेऊन इंदूरला गेले. पुढे काही काळ या मुलाला बडोद्याच्या मदरशात ठेवण्यात आले आणि तिथे तो खत्ताती, म्हणजे सुलेखन शिकला. त्यांच्या चित्रकलेची सुरुवात इथून झाली.

खत्ताती म्हणजे सुंदर हस्ताक्षर एवढाच अर्थ आपण घेतो. त्यामागची शिस्त थोडी समजून घ्यायला हवी. खत्तातीचे कलम बोरूचे असते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मोडी आणि देवनागरीही बोरूनेच लिहीत, म्हणजे हे साधन दोन्ही भाषांच्या घरात सारखेच. बोरूचे टोक तिरके कापतात. त्या कापाला ‘कत’ म्हणतात. कत चुकला तर कितीही मेहनत घ्या, अक्षर बसत नाही. कलमाचे टोक कागदावर टेकवून जो चौकोनी ठिपका उमटतो तो ‘नुक्ता’, आणि हाच नुक्ता मोजमापाची पट्टी ठरतो. अलिफ किती नुक्ते उंच, बे किती नुक्ते लांब, हे सगळे त्यानेच मोजायचे. अक्षरे अशी प्रमाणात बसवण्याचे श्रेय बगदादच्या इब्न मुक्ला यांना दिले जाते. ते इसवी सन ९४० मध्ये वारले. म्हणजे ही शिस्त हजार वर्षांहून जुनी आहे.

विद्यार्थी आधी ‘मुफरदात’ गिरवतो, म्हणजे सुटी अक्षरे. मग ‘मुरक्कबात’, म्हणजे जोडून लिहिलेली. महिनोन्‌महिने एकच अलिफ. उस्ताद लाल शाईने दुरुस्ती करणार, शागिर्द पुन्हा लिहिणार. यात हात तयार होतो आणि सब्रही तयार होतो. जाड रेघ कुठे बारीक करायची, कलम कुठे न उचलता फिरवायचे, कोरा कागद किती सोडायचा, हे सगळे हाताला कळू लागते.

आता हुसेन यांचे घोडे डोळ्यांसमोर आणा. मानेवरून निघालेली रेघ पाठीवरून शेपटीपर्यंत एका दमात येते, मध्येच जाड होते, वळणावर बारीक होते. पायांचे कोन धारदार असतात. कूफी खत ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही रेघ ओळखीची वाटेल. कूफा शहराच्या नावाने ओळखला जाणारा हा खत सरळ उभ्या-आडव्या रेघांचा आणि कोनांचा असतो. कुरआन शरीफच्या सुरुवातीच्या काळातील कित्येक प्रती याच खतात आहेत. हुसेन यांच्या चित्रांवर जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मी चित्रकलेची जाणकार नाही. पण रोज फळ्यावर उर्दू आणि मराठी लिहिणारी शिक्षिका म्हणून मला वाटते की ही रेघ तख्तीवर घोटलेली आहे.

हुसेन यांच्या घोड्यांचा उगमही दीनी आठवणीशी जोडलेला आहे. लहानपणी इंदूरमध्ये मुहर्रमच्या मिरवणुकीत त्यांनी हजरत इमाम हुसैन (रजि.) यांच्या घोड्याची, दुलदुलची प्रतिमा पाहिली होती. आपल्या सोलापूर भागातही मुहर्रमला पंजे बसतात, सवाऱ्या निघतात आणि त्यांत हिंदू बांधवही असतात. म्हणून ही आठवण समजायला आपल्याला अवघड जात नाही. पुढे १९५२ मध्ये ते चीनला गेले. तिथल्या चित्रकारांनी शाईने काढलेले घोडे त्यांनी पाहिले. चीनमध्ये लिहिण्याचा आणि चित्र काढण्याचा कुंचला एकच असतो. मदरशातून आलेल्या माणसाला हे किती जवळचे वाटले असेल!

मुंबईत त्यांचे सुरुवातीचे दिवस हलाखीचे होते. सिनेमाची मोठमोठी पोस्टरे ते रंगवत आणि मजुरी चौरस फुटाला काही आणे मिळे. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासोबत ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आले. पुढचा प्रवास सर्वांना माहीत आहे. १९६७ मध्ये त्यांच्या लघुपटाला बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले. १९६६ मध्ये पद्मश्री, १९७३ मध्ये पद्मभूषण, १९९१ मध्ये पद्मविभूषण. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांचे १९५४ सालचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र १ कोटी ३८ लाख डॉलरना, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. आधुनिक भारतीय चित्राला तोवर एवढी किंमत आली नव्हती.

मला या आकड्यांपेक्षा त्यांची सही महत्त्वाची वाटते. त्यांच्या कित्येक चित्रांवर ‘हुसेन’ हे नाव देवनागरीत आहे आणि शेजारीच उर्दूतही आहे. एक नाव उजवीकडून डावीकडे जाते, दुसरे डावीकडून उजवीकडे, आणि दोन्ही एकाच कॅनव्हासवर सुखाने नांदतात. ज्या घरांत अब्बा उर्दू वर्तमानपत्र वाचतात आणि मुले मराठी पाठ्यपुस्तक, त्या आपल्या घरांचे हे रोजचेच चित्र आहे. १९५६ सालच्या ‘बिटवीन द स्पायडर अँड द लॅम्प’ या गाजलेल्या चित्रात बायकांच्या आकृतींच्या वर अक्षरांची ओळ आहे. पाहणारा ती वाचायला जातो आणि अडखळतो, कारण ती आपल्या ओळखीच्या कुठल्याच लिपीत बसत नाही. मग तो अक्षराचा अर्थ सोडून त्याचा आकार बघू लागतो.

आता वादाविषयी. १९९६ पासून हिंदू देवतांच्या त्यांच्या काही चित्रांवरून मोठा विरोध झाला, खटले झाले, हल्ले झाले. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते खटले रद्द ठरवले, पण २००६ मध्ये देश सोडून गेलेले हुसेन परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या बाजूनेही नाराजी झाली होती. २००४ मध्ये त्यांच्या ‘मीनाक्षी’ या चित्रपटातील ‘नूरुन अला नूर’ या कव्वालीवर मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला, कारण हे शब्द सूरह नूरमधले आहेत आणि ते नायिकेच्या वर्णनाला लावले गेले होते. चित्रपट लगेच चित्रगृहांतून काढून घेण्यात आला.

मला वाटते, दोन्ही बाजूंचे दुखणे एकाच मापाने मोजले पाहिजे. आपल्या पवित्र शब्दांचा वापर आपल्याला खुपत असेल, तर शेजाऱ्याला त्याच्या श्रद्धेची प्रतिमा तशी काढलेली खुपते हेही समजून घ्यायला हवे. त्याचबरोबर नव्वदीच्या घरातल्या माणसाला आपल्या जन्मगावापासून दूर परदेशात डोळे मिटावे लागले, याचे दुःख वाटण्यात काही गैर नाही. हुसेन यांची सगळी चित्रे आवडलीच पाहिजेत, असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या हाताने जे शिक्षण घेतले, ते आपल्या घराण्यांचे आहे आणि आपणच ते विसरत चाललो आहोत, एवढेच मला म्हणायचे आहे.

अखेरच्या वर्षांत हुसेन पुन्हा त्याच दिशेला वळलेले दिसतात. कतारमध्ये त्यांनी अरब संस्कृतीवर ९९ चित्रांची मालिका हाती घेतली आणि त्यातली तिसांहून अधिक पूर्ण केली. ९९ हा आकडा वाचताच आपल्या मनात अस्मा-ए-हुस्ना येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोहा येथे त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडले. इमारतीची कल्पना हुसेन यांनी २००८ मध्ये काढलेल्या रेखाटनावरून घेतली आहे आणि ती उभारणारे वास्तुरचनाकार मार्तंड खोसला भारतीय आहेत. संग्रहालयाचे नाव ‘लौह व कलम’. लौह म्हणजे पाटी, तख्ती. कुरआन शरीफमध्ये लौह-ए-महफूजचा उल्लेख आहे, कलमाची शपथ आहे आणि पहिल्याच वहीमध्ये वाचण्याच्या आज्ञेसोबत कलमाने दिलेल्या ज्ञानाची आठवण आहे. पंढरपुरात जन्मलेल्या आणि मदरशात अक्षरे गिरवलेल्या मुलाच्या आयुष्याला यापेक्षा योग्य नाव मिळणे अवघड आहे.

हा वारसा हुसेन यांच्यापासून सुरू होत नाही, आणि तो पाहायला दोह्यालाही जावे लागत नाही. सोलापूरच्या विजापूर वेशीतून ज्या शहराकडे जुना रस्ता जातो, ते विजापूर इथून शंभर किलोमीटरवर आहे. आपला भुईकोट किल्लाही एकेकाळी त्याच आदिलशाहीकडे होता. दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या दरबारात इराणहून खलीलुल्लाह नावाचे खत्तात आले. त्यांनी बादशहाचे ‘किताब-ए-नवरस’ नस्तालीक खतात लिहून दिले, तेव्हा १६१८ मध्ये बादशहाने त्यांना ‘बादशाह-ए-कलम’ हा किताब दिला. लिहिणाऱ्या माणसाला ‘बादशाह’ म्हणवून घेण्याचा मान खुद्द बादशहाने द्यावा, ही त्या काळातली अक्षराची इज्जत होती.

याच इब्राहीम आदिलशाहाची कबर इब्राहीम रौज्यात आहे. सहलीला गेलो की आपण गोल घुमटात जाऊन ओरडतो, प्रतिध्वनी ऐकतो आणि परत फिरतो. पुढच्या वेळी इब्राहीम रौज्याच्या भिंतींजवळ थोडा वेळ थांबा. तिथल्या खिडक्यांच्या जाळ्या दगडात कोरलेल्या अरबी अक्षरांच्या आहेत. अक्षरांच्या मधली जागा कोरून काढली आहे आणि आत येणारा उजेड त्या फटींतून गाळून येतो. वाचन, इबादत आणि चित्र अशा तीन गोष्टी त्या एका खिडकीत आहेत. मुलांना तिथे उभे करून एवढेच विचारा, ‘कोणते अक्षर ओळखू येते?’

आणि आपल्या घरात काय आहे? दिवाणखान्यात आयतुल कुर्सीची सोनेरी फ्रेम आहे, दारावर ‘माशाअल्लाह’ची पट्टी आहे, दिनदर्शिकेवर मक्का-मदिना आहे. बहुतेक गोष्टी यंत्रावर छापलेल्या. त्या फ्रेममधला खत कोणता, नस्ख की सुलुस, हे घरातल्या कुणालाही सांगता येत नाही. उर्दू वर्तमानपत्रांची पाने पूर्वी कातिब हाताने लिहीत. १९८१ च्या सुमारास संगणकावरचे नूरी नस्तालीक आले, आपल्याकडे नव्वदच्या दशकात ते सर्वत्र झाले आणि कातिबांची रोजी गेली. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही, त्यामुळे उर्दू छपाई टिकली. पण कातिब गेला आणि त्याच्याबरोबर मोहल्ल्यातला खत शिकवणारा माणूसही गेला.

दरवर्षी माझ्याकडे एक तरी पालक एकच प्रश्न घेऊन येतात. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीची अम्मी आली होती. मुलीचा हात फार चांगला. ती एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसणार होती. अम्मी म्हणाली, “टीचर, स्मरणचित्राच्या पेपरात माणसे काढावी लागतात म्हणे. तिचे दादा नको म्हणतात. आता चित्रकला बंदच करावी का?” मुलगी शेजारी मान खाली घालून उभी होती.

सजीवांच्या चित्रांबाबत उलेमांची मते आपल्याला माहीत आहेत. बहुतेक मनाई सांगतात, काहीजण हेतू आणि गरज पाहून सवलत सांगतात. फतवा देणे हे शिक्षिकेचे काम नाही. मी अम्मीला म्हटले, “परीक्षेचे तुम्ही घरात बसून, आलिमांना विचारून ठरवा. पण ‘चित्रकला बंद’ हा शब्द आज तिच्यासमोर नको. पाने-फुले, डोंगर, नक्षी, खत, यावर तर कुणाचाच आक्षेप नाही. तेवढे तरी तिच्या हातातून काढून घेऊ नका.” मुलगी परीक्षेला बसली नाही. पण तिची वही सुटली नाही. पुढे तिचे दादाच पेठेतून तिच्यासाठी बोरू घेऊन आले. पुढच्या परीक्षेचे काय करायचे, हे त्या घरात अजून ठरायचे आहे. तो निर्णय त्यांचा आहे.

ज्या घरांना परीक्षेला हरकत नाही, त्यांनी एक लक्षात ठेवावे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांत अक्षरलेखनही विचारले जाते आणि नियमानुसार दहावीला वाढीव गुणही मिळतात. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद सुलेखन आणि ग्राफिक डिझाइनचा अभ्यासक्रम चालवते. ज्याला अक्षराची जाण आहे त्याला आज पुस्तकांची मुखपृष्ठे, पाट्या, निमंत्रणपत्रिका, संगणकावरचे फॉन्ट अशी कितीतरी कामे आहेत.

घरी सुरुवात कशी करावी? बोरू मिळाला तर उत्तम, नाहीतर बाजारात तिरक्या टोकाचे पेन मिळते. रोज पंधरा मिनिटे, एकच अक्षर, आणि उंची नुक्त्याने मोजायची. एक काळजी मात्र घ्यावी. सरावासाठी आयती लिहू नयेत, कारण सरावाचे कागद रद्दीत जातात आणि बेअदबी होते. सुट्या अक्षरांवर हात बसवावा, मग ‘इल्म’, ‘सब्र’, ‘नूर’ असे शब्द घ्यावेत. आयत लिहायची ती हात तयार झाल्यावर, वुजू करून, जपून ठेवायच्या कागदावर. जुने खत्तात असेच करीत.

ज्यांना बोरू जमत नाही त्यांच्यासाठी चौकोनी कूफी आहे. गणिताचा ग्राफ पेपर घ्यायचा आणि चौकोन भरत अक्षर बांधायचे. वळण नाही, फक्त उभे आणि आडवे. काळा चौकोन जितका महत्त्वाचा तितकाच मधला पांढरा. नववीच्या वर्गात मी ‘नूर’ हा शब्द असा भरायला दिला, तेव्हा अभ्यासात मागे असलेल्या एका मुलाने सर्वांच्या आधी पूर्ण करून दाखवला. मी विचारले, कसे जमले? तो म्हणाला, “टीचर, हे तर आमच्या अब्बांचे काम आहे.” त्याचे वडील चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढतात. जॅकार्डच्या मागावरची नक्षी आधी ग्राफवर चौकोन भरूनच काढावी लागते, मग त्यावरून पुठ्ठ्यांना भोके पाडतात. आपल्या सोलापूरच्या कितीतरी घरांत ही नजर आधीपासून आहे. तिच्यासमोर फक्त अक्षर ठेवायचे आहे.

मोबाइलच्या काळात मुलांचे बोट काचेवरून घसरत राहते. एका अक्षरावर पंधरा मिनिटे थांबणे त्यांना शिक्षा वाटते. चार दिवस ती कुरकुर करतील, मग एखादा अलिफ मनासारखा उतरेल आणि ती स्वतःच कागद घेऊन दाखवायला येतील. त्या वेळी हातातले काम बाजूला ठेवून तो अलिफ नीट पाहा. चांगला असेल तर चांगला म्हणा, वाकडा असेल तर कुठे वाकला ते दाखवा. त्यातल्या प्रत्येकाने चित्रकार व्हावे असे नाही. पण घरातल्या फ्रेमकडे पाहताना तो खत कोणता, हे सांगणारे एक तरी मूल प्रत्येक घरात असावे.

अल्लाह तआला आपल्या मुलांच्या हातांना हुनर आणि मनाला सब्र देवो. आमीन.